स्प्लेंडरला कुठला रंग द्यायचा

आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये दोन दुचाक्यांच्या मधून माणूस अंग चोरूनच जातो. सकाळी सगळ्यांना एकाच वेळी निघायचं असतं. ज्याची गाडी आत अडकली तो दुसऱ्याची सरकवतो, हँडल वळवतो, आरसा दुमडतो आणि जाता जाता कुणाच्या तरी टाकीवर बॅगेची चेन घासून जातो. विचारायला गेलात तर कुणीच काही केलेलं नसतं. पाचपाखाडीतल्या जुन्या सोसायट्यांत राहणाऱ्यांना हे मी सांगायला नको. त्यामुळे गाडीला रंग द्यायचं ठरलं तेव्हा घरचे सगळे ‘कुठला छान दिसेल’ यावर वाद घालत होते आणि माझ्या डोक्यात एवढंच होतं की पहिला ओरखडा पडल्यावर तेवढाच तुकडा कोण आणि कसा दुरुस्त करणार.

गाडी स्प्लेंडर प्लस. काळी, जांभळ्या पट्ट्यांची, एमएच ०४. दादाची होती. तो पुण्याला गेला आणि गाडी माझ्याकडे राहिली. रोज कळवा नाका, विटावा, दिघा, ऐरोली करत मी तिच्यावरून रबाळ्याला कामाला जाते. पावसात विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी तुंबतं, तेव्हा इंजिनापर्यंत चिखल आलाच म्हणून समजा. उन्हाळ्यात ठाणे-बेलापूर रोडची धूळ. पंधरा वर्षं झाली की खाजगी गाडीची नोंदणी संपते. मग पर्यावरण कर भरायचा, गाडी आरटीओत दाखवायची आणि पुढची पाच वर्षं मिळवायची. ते काम डोक्यावर होतंच, शिवाय टाकीच्या खालच्या शिवणीला गंज दिसायला लागला होता. म्हटलं, आता करायचं तर नीटच करू.

‘स्प्लेंडरला कोण रंग देतं? विकून टाक नि नवी घे,’ असं शेजारचे काका म्हणाले. लाड फक्त बुलेटवाल्यांनीच करायचे असं कुठे लिहून ठेवलंय, मला माहीत नाही.

माझी नोकरी रंगाचीच आहे, पण गाड्यांच्या नव्हे. मी छपाईच्या शाईच्या कारखान्यात शेड जुळवते. बिस्किटाच्या पुड्याचा लाल आणि त्याच कंपनीच्या खोक्याचा लाल एक दिसायला हवा, ते पाहणारी माणसं आम्ही. प्रयोगशाळेत एक लाइट बूथ असतो, आतून करडं रंगवलेलं खोकं. त्यात दिवे बदलता येतात. एक दिवसाच्या उजेडाचा, ज्याला आम्ही डी ६५ म्हणतो, साधारण ६५०० केल्विनचा. एक दुकानातल्या ट्यूबचा. एक पिवळ्या बल्बचा. दोन नमुने पहिल्या दिव्याखाली हुबेहूब आणि तिसऱ्याखाली चक्क वेगळे, असं रोज होतं. एकसारखा दिसणारा रंग वेगवेगळी रंगद्रव्यं मिसळून करता येतो, आणि दिवा बदलला की त्यांचं पितळ उघडं पडतं. तर अशी बाई घरात असताना शेडकार्ड सोफ्यावर बसून बघायला कोण परवानगी देणार? मी कार्ड घेऊन आधी गच्चीत गेले, मग पार्किंगमध्ये, मग रात्री पेट्रोल पंपावर. पंपावरचा मुलगा म्हणाला, ‘ताई, आज पेट्रोल की रंग?’

पहिली मागणी भाच्याची आली. ‘आत्या, आर्मी ग्रीन कर ना, लडाखवाल्या गाड्यांसारखी.’ त्याला सांगावं लागलं की ऑलिव्ह ग्रीन आपल्याला मारताच येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२१ वा नियम तसं स्पष्ट सांगतो. संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कुठल्याच गाडीला तो रंग चालत नाही. रॉयल एन्फिल्डनं २०१८ मध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या छत्रीधारी सैनिकांच्या गाडीची आठवण म्हणून पेगासस काढली. जगभरासाठी एक हजार, त्यांतल्या अडीचशे भारतासाठी. परदेशात ती ऑलिव्ह रंगातही मिळाली, आपल्याकडे मात्र फक्त तपकिरी. कंपनीलाच जमलं नाही तिथे आत्याचं काय चालणार. भाचा म्हणाला, ‘मग मॅट ग्रे.’

मॅट दिसतो छानच, पण त्याला पॉलिश करता येत नाही. ओरखडा घालवायला घासलंत की तेवढाच भाग चकाकायला लागतो. शिवाय टाकीच्या दोन्ही बाजूंना गुडघे रोज घासतात, तिथे काही महिन्यांत आपोआप चमक येते. मग समोरून मॅट आणि बाजूनं तुळतुळीत. नको.

दादाचं मत फोनवरून: ‘काळीच ठेव, उगाच आरटीओची झंझट कशाला.’ यात तथ्य होतं, आणि खरं सांगायचं तर मी त्याच्या बाजूला बऱ्यापैकी झुकले होते. आरसी बुकात रंग लिहिलेला असतो. तो बदलला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओला कळवून नोंद बदलून घ्यावी लागते, विमा कंपनीला कळवावं लागतं, आणि गाडीवर कर्ज असेल तर बँकेचीही संमती लागते. नाक्यावर हवालदारानं आरसीत ‘ब्लॅक’ आणि समोर भलताच रंग पाहिला तर तो चोरीची गाडी समजणार, यात त्याची चूक नाही. तरी काळ्याचा त्रास मी इतकी वर्षं भोगलाय. घोडबंदर रोडला मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून त्या बाजूला एक चक्कर मारली की गाडी पिठाच्या गिरणीतून काढल्यासारखी दिसते, आणि कोरड्या फडक्यानं पुसली की उन्हात बारीक गोल गोल चरे दिसतात. काळा रंग काहीच लपवत नाही.

आईनं मात्र साड्यांच्या दुकानातली भाषा काढली. डाळिंबी घे म्हणाली. मी तिला पेंटरच्या वर्कशॉपमध्येच घेऊन गेले.

वागळे इस्टेटमध्ये एका गल्लीच्या टोकाला पत्र्याची शेड आहे. तिथे आमचे चाचा बसतात. मूळचे उत्तरेकडचे, पण ठाण्यात उभं आयुष्य गेलंय, त्यामुळे हिंदी-मराठीची त्यांची स्वतःची एक मिसळ आहे. त्यांच्या फळीवर नमुन्याच्या टाक्या मांडलेल्या होत्या, त्यांत एक कँडी लाल. आई तिच्यासमोरून हलेना. ‘अगं, ही बघ, वरून बघितली तर माणकासारखी आणि बाजूनं बघितली तर काळसर. आपल्या धूपछाव साडीसारखी!’ उपमा इतकी चपखल की मी ती ऑफिसात वापरणार आहे. धूपछाव साडीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा, म्हणून कोन बदलला की रंग बदलतो. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे सूक्ष्म पापुद्रे असतात. ते आडवे बसले की समोरून झळाळतात आणि तिरपं पाहिलं की काळवंडतात. कँडीत खाली चंदेरी, त्यावर पारदर्शक लाल, त्यावर क्लिअर, म्हणजे बिनरंगाचा चकचकीत थर. लालचा हात एकनं वाढला की शेड गडद होते.

चाचा आईला म्हणाले, ‘माँजी, दिसायला एक नंबर. पण घासली ना, तर टाकी पूर्ण परत मारायला लागेल. तुकडा नाय जुळत.’

मला हवं होतं ते वाक्य हेच. मेटॅलिकमध्ये फवारणीची गन किती लांब धरली, हवेचा दाब किती होता, थिनर लवकर उडणारा होता की सावकाश, यावर ते पापुद्रे कसे बसणार हे ठरतं. डबा तोच, हात तोच, तरी आज मारलेला आणि सहा महिन्यांनी मारलेला तुकडा वेगळा दिसू शकतो. अपघातानंतर दुरुस्त केलेल्या चंदेरी गाडीचा एकच दरवाजा वेगळा दिसतो, तो याच कारणानं. मोठी वर्कशॉपं शेजारच्या भागावर रंग विरवत नेऊन हा फरक लपवतात. स्प्लेंडरच्या टाकीवर विरवायला जागा आहे कुठे? म्हणजे मेटॅलिक बाद, मोतिया बाद, कँडी बाद. रंग साधाच हवा, ज्याला पेंटर ‘सॉलिड’ म्हणतात. आईचा चेहरा पडला.

मग सॉलिड डाळिंबी? इथे माझा धंदा आडवा आला.

कुठल्याही जुन्या सलूनच्या काचेवर केशरचनांचे फोटो लावलेले असतात, ते आठवा. आमच्या इथे नौपाड्यात एक आहे, तिथले सगळे हिरो आता निळे आहेत. चेहरा निळा, ओठ निळे, मागचा सूर्यास्तसुद्धा निळा. छपाई चार शायांत होते: निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी. त्यांतल्या किरमिजी आणि पिवळ्या शाईची रंगद्रव्यं उन्हात आधी मरतात. निळी आणि काळी तग धरून राहतात. ती निळी म्हणजे थॅलोसायनिन, माझ्या टेबलावर रोज असणारी. तिचीच बहीण थॅलो हिरवी. ऊन सोसण्यात दोघींना तोड नाही. गाडीच्या रंगातले लाल शाईतल्या किरमिजीपेक्षा कितीतरी टिकाऊ असतात हे मान्य, पण भडक, सुंदर लाल म्हटला की उन्हाची धाकधूक राहतेच. लालात सगळ्यात चिवट म्हणजे आयर्न ऑक्साइड, म्हणजे सरळ गेरू. तो शंभर वर्षं टिकेल, पण मग गाडी तुळशीवृंदावनासारखी दिसेल. माझी गाडी दिवसभर रबाळ्याच्या उघड्या पार्किंगमध्ये पश्चिमेच्या उन्हात तापते. लालाचा भरवसा मी कसा धरणार?

भडक पिवळ्या-लालांची आणखी एक खोड: ते खालचा रंग झाकत नाहीत. पूर्वी शिशाचा क्रोमेट असलेले पिवळे एका हातात सगळं झाकायचे, पण ते विषारी. आता त्यांच्या जागी आलेली सेंद्रिय द्रव्यं पातळ पडतात, म्हणून चाचा पिवळ्याखाली आधी पांढरा मारतात. ओरखडा पडला की आतला पांढरा दात दाखवतो.

सुरक्षिततेचं काय, असं ऑफिसातल्या एकीनं विचारलं. पांढरी किंवा पिवळी गाडी अंधारात लांबून दिसते ना? मलाही तसंच वाटायचं. पण ऑकलंडमध्ये मोटारसायकलस्वारांवर झालेला एक अभ्यास २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. त्यात चमकणारे किंवा परावर्तक कपडे घालणाऱ्यांना जखमी होण्याचा धोका ३७ टक्के कमी आढळला आणि काळ्याच्या तुलनेत पांढरं हेल्मेट घालणाऱ्यांना २४ टक्के कमी. गाडीच्या समोरच्या रंगाचा मात्र धोक्याशी काही संबंध दिसला नाही. मी पांढरं हेल्मेट घेतलं आणि गाडीच्या रंगाला त्या जबाबदारीतून मोकळं केलं.

उरला मोरपंखी. थॅलो निळी अधिक थॅलो हिरवी, सॉलिड. यामाहाच्या आरएक्स १०० ला एक मोरपंखी निळा यायचा, तो ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. आईच्या लग्नातली पैठणीही त्याच वळणाची, त्यामुळे तिकडून लगेच होकार आला. डाळिंबीचं नाव पुन्हा निघालं नाही.

रंग ठरला म्हणजे शेड ठरली असं नाही. थॅलो निळी निव्वळ मारली तर वरून तांबूस झाक येते, कावळ्याच्या पंखावर उन्हात येते ना, तशी. शिवाय ती पारदर्शक असते. झाकण्यासाठी पांढरा, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, घालावा लागतो आणि तो जास्त झाला की मोरपंखीचा आकाशी होतो, बालवाडीच्या भिंतीसारखा. रंगाच्या दुकानातल्या मिक्सिंग मशीननं सूत्र काढून दिलं. ते नमुन्याला चाचांनी भंगारवाल्याकडून आणलेल्या एका मडगार्डवर मारलं. शेड बघायला सपाट पट्टी कामाची नाही. टाकी गोल असते, तिच्या माथ्यावर आभाळ पडतं आणि पोटाखाली रस्त्याची सावली. मडगार्ड वाकडं असतं म्हणून बरं. त्यावर क्लिअरही मारून घ्या, कारण क्लिअरखाली रंग आणखी गडद दिसतो. ते मडगार्ड मी गच्चीत नेलं, सुरेख. पार्किंगमधल्या एलईडी ट्यूबखाली नेलं, तर हिरवं, अगदी पालकाच्या भाजीकडे झुकलेलं. हिरवा कमी केला, काळ्याचे दोन थेंब टाकले. चाचा काठी बुडवून वर काढतात, थेंब कडेनं ओघळताना पातळ होतो तिथे बघतात आणि सांगतात काय कमी पडलंय. आमच्या यंत्रात दोन रंगांमधलं अंतर डेल्टा ई नावाच्या आकड्यात येतं. एकच्या खाली गेलं की बहुतेकांच्या डोळ्याला फरक कळत नाही. चाचांची काठी आणि आमचं यंत्र यांची गाठ घालून द्यायची माझी इच्छा आहे.

जुलैत मी गाडी देऊ केली तर चाचांनी सरळ परत पाठवलं. ‘गणपती जाऊ दे.’ थिनर भराभर उडला की पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी ओल्या रंगावर बसतं. वर पांढुरकी साय आल्यासारखं दिसतं. सावकाश उडणारा थिनर घालून भागवता येतं, पण घाई काय होती?

ऑक्टोबरात काम झालं. टाकी रिकामी करून उतरवली, गंज तासला, पुटी भरली, प्रायमर मारला. मग पाण्याचा पेपर: २२० पासून सुरू करून ४०० आणि शेवटी ८०० पर्यंत. मी शनिवारी जाऊन बसले होते. चाचांनी घासलेल्या प्रायमरवर काळ्या रंगाचा नुसता शिडकावा केला आणि पुन्हा हलक्या हातानं घासायला घेतलं. उंच जागचे काळे ठिपके निघून गेले, खोलगट जागी राहिले. डोळ्याला सपाट वाटणाऱ्या टाकीवर डाव्या गुडघ्यापाशी नाण्याएवढी काळी चकती शिल्लक राहिली. तिथे परत पुटी. शेवटी त्यांनी हातावर मऊ फडकं घेतलं, टाकीकडे पाठ केली आणि तळवा माथ्यापासून खालपर्यंत फिरवला. फडकं असलं की बोटांना खळगा जास्त कळतो म्हणे. मी फिरवला तर मला काहीच कळलं नाही.

साइड पॅनल आणि पुढचा वायझर प्लास्टिकचे, त्यांना वेगळा प्लास्टिक प्रायमर; तो चुकवला तर रंग पापडासारखा निघतो. रंग टू-के पीयूच घ्या, म्हणजे दोन भागांचा पॉलियुरेथेन, हार्डनर मिसळून कडक होणारा. स्वस्तातला एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा, पेट्रोलला टिकत नाही आणि आपल्याकडे पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरून चार थेंब बाहेर सांडल्याशिवाय समाधान होत नाही. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्यानं दमा जडू शकतो. चाचा तोंडाला रुमाल बांधून फवारत होते. आम्ही कारखान्यात वापरतो तसला कार्ट्रिजचा मास्क मी विकत घेऊन दिला. वापरतात की खुंटीला लावलाय, ते मी अचानक जाऊन बघते.

पट्ट्यांचे स्टिकर क्लिअरखाली घेतले. जांभळे मोरपंखीवर चालेनात, म्हणून चंदेरी बारीक रेघ. आरटीओत दोन्ही कामं, रंगाची नोंद आणि नूतनीकरण, मागे लागून झाली. नव्या आरसीत नुसतं ‘ब्लू’ आलंय. आईला ते फार कोरडं वाटलं.

पहिला ओरखडा दिवाळीच्या आधीच पडला. कुणी केला ते अर्थातच माहीत नाही. हार्डनर न घातलेला थोडा रंग मी आधीच काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून घेतला होता, कारण हार्डनर पडलेला रंग डब्यातच दगड होतो. बाटलीवर सूत्र, तारीख, ‘हलवून वापरा’ असं सगळं लिहून ठेवलेलं. चाचांनी तेवढाच तुकडा घासला, मारला, क्लिअर दिलं, पॉलिश केलं. मी बूथ नसताना जमेल तितक्या उजेडांत बघितलं आणि कुठे होता ते मलाही दाखवता येईना. शेजारच्या काकांनी परवा विचारलं, त्यांच्या ॲक्टिव्हाचा पुढचा भाग जरा पिवळट पडलाय, बघशील का. बघते म्हटलं, पण रविवारी सकाळी उघड्यावर आणा, ट्यूबलाइटमध्ये मी पांढऱ्याला हात लावत नाही.